जशी होती तशी पायरी

या, असे अलीकडे सरका. दाराशी बसलात तर वारा लागेल आणि गोष्टही अर्धीच कानावर पडेल. गोष्ट एका पायरीची आहे. पायरीची कसली आलीय गोष्ट, असे म्हणू नका. कीर्तनाला उभे राहिलेले बुवा एका मुंगीवर दोन तास बोलतात आणि ऐकणारी माणसे डोळे पुसत, हसत घरी जातात. आपल्याला तर चांगली दगडी पायरी मिळाली आहे, आणि तीही मधोमध तडा गेलेली. ऐका तर.

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या पोर्ट पेनहेल गावात नेव्हिल ट्रेगोनिंग यांना न ओळखणारा माणूस सापडायचा नाही. चौतीस वर्षे त्यांनी गावाला गणित शिकवले, आणि ज्यांना ते आले नाही त्यांना ते अजूनही रस्त्यात थांबवतात. वय अडुसष्ट, चालणे ताठ, चर्चच्या गायकमंडळात आवाज खर्जाचा. राहत्या घराखेरीज चॅपल गल्लीत त्यांचे एक जुने, खाणकामगारांच्या काळातले दगडी घर आहे आणि ते भाड्याने दिलेले आहे. या भाड्याच्या घराने नेव्हिलना एक तत्त्वज्ञान दिले होते.

ते असे. भाड्याच्या घरात मोडलेले दुरुस्त केले, तर तो खर्च त्याच वर्षीच्या उत्पन्नातून वजा होतो. पण होते त्याहून चांगले केले, किंवा मुळात नव्हतेच ते केले, तर ती झाली सुधारणा. तो खर्च भांडवली, आणि तो चाळीस वर्षे चिमूट चिमूट करून वजा करायचा. जगातले यच्चयावत संत घसा कोरडा करून सांगतात की माणसा, सुधार. कर खातेही नको म्हणत नाही बिचारे. ते एवढेच म्हणते की सुधारायचे तर खुशाल सुधार, पण फळाची घाई करू नकोस. नीट पाहिले तर गीतेहून हे फार वेगळे नाही. पण नेव्हिलना ते पटत नसे. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी या घराचे आख्खे स्वयंपाकघर नवे केले, ते 'दुरुस्ती' म्हणून दाखवले, आणि हिशेब दुरुस्त करून पाठवा असे कर खात्याचे सभ्य भाषेतले पत्र आले. चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल रेघ मारणाऱ्याच्या वहीवर कुणी लाल रेघ मारली, तर त्याला जे होते ते नेव्हिलना झाले. तेव्हापासून त्यांच्या फ्रिजवर एक चिठ्ठी होती: 'जे होते ते, जसे होते तसे.' गावातल्या बोलिंग क्लबात या विषयावर ते न विचारता बोलत.

आता भाडेकरूंकडे येऊ. मिसेस ओल्वेन प्रिस्क, वय एक्क्याऐंशी, एकट्या. एकोणीस वर्षे त्या घरात, आणि एकावन्न वर्षे चर्चच्या ऑर्गनवर. नेव्हिल सात वर्षांचे असताना चर्चच्या रविवारच्या शाळेत बाईंनी त्यांचा कान धरला होता, आणि तो पुरता सोडलेला नाही असे नेव्हिलना अजून वाटे. एप्रिलमध्ये बाजारात भोपळा निवडताना बाई पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. ॲडलेडला शस्त्रक्रिया झाली, मग तिथेच मुलीकडे मुक्काम. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलीचा, ग्वेंडाचा, फोन आला.

"नेव्हिल, सत्तावीस तारखेला शुक्रवारी रुग्णालयातल्या बाई घर बघायला येणार आहेत. आई वॉकर घेऊन, कुणाच्या मदतीशिवाय आत-बाहेर करू शकली तर तिला घरी राहता येईल. नाही तर इथल्या वृद्धाश्रमात एक खोली सांगून ठेवलीय. सोमवारी त्यांना हो-नाही कळवायचंय."

"पायरीला तडा गेलाय तेवढाच काय तो," नेव्हिल म्हणाले. "तो मी बघतो."

तेवढ्यात फोन बाईंनी घेतला. "नेव्हिल, माझ्या जागी कोण वाजवतंय?"

"सध्या ध्वनिमुद्रण लावतो, मिसेस प्रिस्क."

"यंत्र श्वास घ्यायला थांबत नाही. गाणारे धाप लागून जातील एखाद दिवशी," बाई म्हणाल्या. मग आवाज किंचित खाली आला. "इथली खोली मी पाहिली. स्वच्छ आहे. खिडकीतून गाड्या ठेवायची जागा दिसते." आणि फोन ठेवला.

नेव्हिल लगेच कामाला लागले, म्हणजे सल्ला घ्यायला लागले. अर्थात त्यासाठी हिंडावे लागत नाही. कुंपणापलीकडे डग लिंके असतोच. डगच्या शेडमध्ये गेल्या चाळीस वर्षांत गावाने टाकून दिलेली प्रत्येक वस्तू आहे. त्याने चॅपल गल्लीतल्या त्या दोन पायऱ्या पाहिल्या आणि म्हणाला, "नेव्ह, रॅम्प कर."

"इथं रॅम्प होता का?"

"नव्हता."

"मग?"

"मग काय? होता असता तर कर कशाला म्हणालो असतो?"

अडाण्याशी वाद नको म्हणून नेव्हिल राफाएलाकडे गेले. राफाएला डी पाल्मा ही त्यांचीच विद्यार्थिनी, आता गावाची करसल्लागार. तिची कचेरी वडिलांच्या मासे तळण्याच्या दुकानावर. तिथून निघालेल्या प्रत्येक कागदाला एक खमंग वास असतो.

"सर, तडा गेलेली पायरी नीट केली तर दुरुस्ती," ती म्हणाली. "रॅम्प नवा. चाळीस वर्षं."

"मी अडुसष्टचा आहे."

"माहितीये. शेवटचा तुकडा तुम्ही एकशे आठाव्या वर्षी वजा कराल. मी ब्याऐंशीची असेन, पण तुमच्यासाठी कचेरी उघडी ठेवीन."

"आणि धरायला कठडा?"

"आत्ता आहे का?"

"एकोणीसशे अकराच्या फोटोत आहे."

"सर, घर तुम्ही विकत घेतलंत तेव्हा होता का? पंचम जॉर्ज गादीवर होते तेव्हा होता म्हणून नाही चालत." मग तिने पेन खाली ठेवले. "पण मला सांगा, बाईंना वॉकर घेऊन पायरी चढता येईल?"

"पायरी धड असली तर का येणार नाही?" नेव्हिल म्हणाले. वर्गात एखादे प्रमेय सिद्ध करून फळ्याकडे पाठ फिरवावी तसे ते जिना उतरले. जिना उतरताना कठडा धरला होता, पण माणूस स्वतःच्या हाताकडे कधी बघतो?

आता गवंडी. क्लेम टेरिल, वय एकाहत्तर, पिढ्यान्‌पिढ्या दगडाचे काम. त्याला नेव्हिलनी पायरीपाशी उभे करून समजावले, "क्लेम, नवी पायरी जुनीसारखीच हवी. तेवढीच झिजलेली. जास्त चांगली नको."

क्लेमने टोपी काढली, डोके खाजवले, टोपी घातली. "म्हणजे वाईट करू?"

"वाईट नको. होती तितपतच."

"नेव्ह, हे घर बांधलं तेव्हा माझ्या पणजोबांच्या पणजोबांना कुणी सांगितलं नव्हतं की जरा कमी चांगलं बांध. हे असलं काम मी शुद्धीत असताना केलेलं नाही, आणि दारू तर आमच्या घराण्यात कुणी पीत नाही. आता करू काय?"

"जुना दगड आणून देतो. तो बसव फक्त."

देव ज्याची फजिती करायची ठरवतो, त्याला आधी एक कल्पना सुचवतो. साधा तडा सांधून भागले असते. पण नेव्हिलना सारखा, तेवढाच जुना, तेवढाच झिजलेला दगड हवा होता. जुने बांधकाम पाडून आलेला माल विकणाऱ्याचे आवार गावाबाहेर आहे. तिथे चार खेपा घालून, मोजपट्टी लावून, झीज बोटाने चाचपून त्यांनी एक लांबट दगड हेरला. वर चिखलाचा जाड थर होता, पण आकार अगदी बरोबर. मागे हौदा असलेल्या डगच्या गाडीतून तो आला. क्लेमने कुरकुरत बसवला. नेव्हिलनी चारी बाजूंनी पाहून समाधानाने मान हलवली. रात्रभर पाऊस पडला.

सकाळी चॅपल गल्लीत माणसे जमली होती. चिखल धुऊन गेला होता आणि पायरीवर अक्षरे उमटली होती: 'ही कोनशिला परमेश्वराच्या गौरवार्थ बसविली, १८७४.' तो एबेनेझर चॅपलचा, म्हणजे जुन्या प्रार्थनाघराचा, दगड होता. ते चॅपल पाडले तेव्हा हरवलेला. नेव्हिलनी देवाच्या पायावर भाडेकरूने पाय ठेवायची सोय केली होती.

"ट्रेगोनिंगांच्या घराण्यात हे व्हावं," गायकमंडळातली एक बाई दुसरीला म्हणाली, नेव्हिलना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात.

दुसऱ्या दिवशी गावच्या जुन्या वास्तूंची नोंद ठेवणारा एक तरुण अधिकारी आला. फार नम्र. म्हणाला, हा ठेवा आहे, तो इथे राहू देता येणार नाही. नेव्हिल म्हणाले, आनंदाने घेऊन जा. तो म्हणाला, नेण्यासाठी एक अर्ज लागेल. अर्ज भरला. मग कळले की 'ठेवा कोणत्या इमारतीचा भाग आहे' या रकान्यात नेव्हिलनी प्रामाणिकपणे 'पायरी' लिहिल्यामुळे आता नेव्हिलच्या घराचीच जुनी वास्तू म्हणून चौकशी सुरू झाली आहे. अर्ज मागे घ्यायला दुसरा अर्ज होता. यात अकरा दिवस गेले. या अकरा दिवसांत त्या पायरीवरून कुणी गेले नाही. पत्र टाकणारासुद्धा कुंपणावरूनच पत्र भिरकावू लागला.

शेवटी सोमवारी दगड वाजतगाजत संग्रहालयात गेला. गायकमंडळ गायले. स्थानिक वर्तमानपत्रात 'दाते' म्हणून नेव्हिलचा फोटो आला. तो कापून फ्रिजवर लावावा म्हणून ते कात्री शोधत होते, तेव्हा लॉर्नाने, त्यांच्या पत्नीने, चहा पुढे ठेवला.

"फोटो छान आलाय," ती म्हणाली. "ओल्वेनच्या दारात आता काय आहे?"

"खड्डा."

"शुक्रवार कधी आहे?"

नेव्हिलनी कात्री खाली ठेवली.

मंगळवारी क्लेमने मूळचाच तडकलेला दगड घेतला, लोखंडी सळीचे दोन तुकडे घालून सांधला आणि बसवला. अडीच तास लागले. "हे पहिल्याच दिवशी केलं असतं," तो म्हणाला, "पण मला विचारतं कोण." पायरी अगदी जशी होती तशी झाली. तडासुद्धा अंगावरच्या जुन्या व्रणासारखा दिसत होता. इतकी शुद्ध, निर्भेळ डागडुजी पोर्ट पेनहेलने पाहिली नव्हती.

बुधवारी सकाळी नेव्हिलनी चर्चच्या कपाटातला जुना वॉकर आणला. आपण गणिताचे माणूस. सिद्ध केल्याशिवाय सोडायचे नाही. बाई चालतील तसे चालायचे ठरवून त्यांनी एक पाय जरासा ओढला आणि वॉकर पहिल्या पायरीवर ठेवला. पुढचे दोन पाय पायरीवर आले, मागचे दोन खाली राहिले, आणि वॉकर नमस्कार घातल्यासारखा नेव्हिलकडेच कलला. त्यांनी तो उचलून पूर्ण वर ठेवायला पाहिले. त्यासाठी त्याच्यावरचा भार सोडावा लागला. भार सोडल्यावर टेकायला काही उरले नाही. पुढच्या क्षणी नेव्हिल ट्रेगोनिंग जिरेनियमच्या कुंडीत बसलेले होते आणि वॉकर पायरीवर दिमाखात उभा होता.

रस्त्यावरून डग चालला होता. तो कुंपणापाशी थांबला. "नेव्ह, पायरी कशी झालीय?"

"उत्तम झालीय."

"मग तू खाली का बसलायस?"

नेव्हिल उठेनात म्हणून डगचा चेहरा बदलला, पण त्यांना लागलेले नव्हते. ते त्या पायरीकडे बघत होते. खालून बघितली तर पायरी बरीच उंच दिसते. त्यांना उठायचे तर कुंडी होती, कुंपण होते, डग होता. बाई इथे पडल्या तर त्या कुणाला हाक मारणार नाहीत, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पडलेल्या असताना कुणी पाहू नये म्हणून त्या गप्प बसून राहतील, आणि संध्याकाळी कधीतरी कुणाच्या तरी लक्षात येईल. पायरीत आता काही मोडलेले नव्हते. मोडले होते ते बाईंचे हाड. आणि तीन आठवडे नेव्हिलनी जगातला प्रत्येक दगड मोजला होता, तेवढे एक सोडून. कीर्तनात सांगतात, हा देह म्हणजे भाड्याचे घर. खरे आहे ते. पण त्या घराला जशी होती तशी दुरुस्ती मिळत नाही हो. तिथे दारच जरा खाली आणावे लागते.

"डग," नेव्हिल कुंडीतूनच म्हणाले, "तुझ्या शेडमध्ये फळ्या आहेत?"

"कसल्या?"

"रॅम्पच्या."

"पण ते तर नवीन धरलं जाईल. तूच क्लबात सांगत होतास की—"

"डग, फळ्या आण."

आमच्याकडे अशा वेळी चर्चच्या दारावर एक कागद लागतो: अमक्याच्या घरी काम आहे, हत्यारे घेऊन या, सॉसेज मिळतील. त्याला 'नाही' म्हणायची पद्धत नाही. एरवी हे शनिवारी होते. नेव्हिलनी कागदावर 'गुरुवार, सकाळी सात' असे लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या. सात वाजता एकोणीस माणसे हजर. त्यांतली चौदा त्यांच्या हाताखाली गणितात कधी ना कधी नापास झालेली.

आणि मग नेव्हिलना सूर सापडला. त्यांनी खडूने भिंतीवर लिहिले: उंची छत्तीस सेंटीमीटर, चढ चौदाला एक. "किती लांबी होईल?" त्यांनी मागे वळून विचारले. एकोणीस माणसांनी जमिनीकडे पाहिले. "पाच मीटर आणि चार सेंटीमीटर," ते म्हणाले. "बाग चार मीटरची. म्हणजे वळण घ्यावं लागेल. तुम्हा लोकांना मी सांगत होतो, हे एक दिवस लागणार आहे."

फळ्या डगच्या, जुन्या धक्क्यावरच्या, खारे पाणी प्यालेल्या. कठड्याचे नळ बोलिंग क्लबाने दिले. खिळे, बोल्ट, घसरू नये म्हणून लावायच्या पट्ट्या प्रत्येक जण आपापल्या शेडमधून घेऊन आला, कारण आमच्याकडे शेडमध्ये काही नाही असे कबूल करणे म्हणजे अब्रू गेल्यासारखे. क्लेमने वळणाखालचा आधार बांधला. तो हसत होता. "किती चांगलं करू?" त्याने विचारले.

"येतं तितकं," नेव्हिल म्हणाले.

रंग उरल्यासुरल्या तीन डब्यांतला एकत्र ओतला. क्रिकेटच्या मंडपाचा हिरवा, कुणाच्या तरी होडीचा निळा आणि एक डबा ज्यावरचे नाव गंजले होते. जो रंग झाला त्याला आमच्या भाषेत नाव नाही. लॉर्ना सॉसेज उलथत, पावाच्या कापावर कांदा पसरत सगळ्यांना धारेवर धरत होती. दुपारी राफाएला मोठ्या पुडक्यात तळलेले मासे घेऊन आली आणि रॅम्पकडे बघत राहिली.

"सर, बिलं नीट ठेवताय ना?"

नेव्हिल खिशात हात घालून थांबले. मग दुसरा खिसा पाहिला. "बिलंच नाहीत."

"एकही नाही?"

"सॉसेजचं आहे."

"ते लॉर्नाबाईंनी कुणाला खायला घातलं, यावर कर खातं काही म्हणत नाही." ती हसायला लागली. "सर, तुम्ही खर्चच केला नाहीत, तर वजा काय करणार? कागदावर ही दुरुस्तीही नाही आणि सुधारणाही नाही. कागदावर हा रॅम्प नाहीच."

नेव्हिलनी त्या पाच मीटर चार सेंटीमीटर लांबीच्या, नाव नसलेल्या रंगाच्या वस्तूकडे पाहिले. त्यांच्या तत्त्वज्ञानात तिला रकाना नव्हता. माणसे जे नुसते देऊन टाकतात ते कोणत्याच वहीत मांडता येत नाही, हे बुवा दर एकादशीला सांगतात. पण आपण प्रसादाच्या रांगेकडे बघत असतो.

"मासे गार होतील," ते म्हणाले आणि त्यांनी एक घेतला.

शुक्रवारी दहा वाजता गाडी आली. रुग्णालयातल्या बाई उतरल्या, त्यांच्या हातात चढ मोजायचे उपकरण. मग ग्वेंडा. मग, बराच वेळ लावून, मिसेस प्रिस्क. अंगावर रविवारचा कोट, डोक्यावर टोपी. गल्लीत त्या वेळी एकोणीस माणसे योगायोगाने आपापल्या कुंपणाशी काही ना काही करत होती. रुग्णालयातल्या बाईंनी चढ मोजला, कठडा हलवून पाहिला आणि बाजूला झाल्या. ग्वेंडाने आईचा दंड धरायला हात पुढे केला.

"सोड," मिसेस प्रिस्क म्हणाल्या.

वॉकर फळीवर आला. एक पाऊल, वॉकर, एक पाऊल. नेव्हिल फाटकाशी उभे होते. चौतीस वर्षांत त्यांनी कुणाच्या निकालाची इतकी काळजी केली नव्हती. वळणाशी बाई थांबल्या. सगळी गल्ली थांबली. बाईंनी खाली पाहिले, मग मागे न वळता विचारले, "नेव्हिल, हा रंग कुणी निवडला?"

"मिळाला तो लावला, मिसेस प्रिस्क."

"हं."

वळण पार झाले. दाराशी पोचून त्यांनी पर्समधून किल्ली काढली, एका हाताने कठडा धरून कुलूप उघडले, आत गेल्या, आणि मुलगी, रुग्णालयातल्या बाई, घरमालक व एकोणीस माणसे यांच्या तोंडावर दार लावून घेतले. रुग्णालयातल्या बाईंनी कागदावर काहीतरी खूण केली. ग्वेंडा रडत होती आणि हसत होती.

थोड्या वेळाने दार पुन्हा उघडले. टोपी काढलेली होती.

"रविवारी तालीम साडेनऊला," मिसेस प्रिस्क म्हणाल्या. "खर्जवाले नऊला."

आणि त्या एकट्या, कुणाचाही हात न धरता, टपालाची पेटी बघायला खाली उतरल्या.

झाली गोष्ट. उठा सावकाश. पण उठण्याआधी एक मागणे आहे. तुमच्या इमारतीत, वरच्या कुठल्यातरी मजल्यावर, एक कुणीतरी असतील. पूर्वी रोज खाली दिसायच्या, भाजीवाल्याशी भांडायच्या. हल्ली दिसत नाहीत, आणि का दिसत नाहीत हे आपण कुणी विचारलेले नाही. जिना उतरताना त्यांची आठवण ठेवा.